तुमचे प्रश्न : अंतर तेवढंच, मग वेळ वेगळा कसा?

मागच्या महिन्यात एका वाचकाने सहज विचारलेलं की जगातली सगळ्यात लांबची नॉनस्टॉप फ्लाइट कुठली, आणि आम्ही दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे झालो: सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे १५,३५० किलोमीटर, पावणेएकोणीस तासांच्या आसपास. झालं! पोळ्याला दगड मारावा तसं झालं. कुणी म्हणतंय आकडा चुकला, कुणी म्हणतंय वेळ चुकला, एका काकांनी तर नकाशावर पट्टी ठेवून मोजलेल्या अंतराचा फोटोच पाठवला. म्हणून या वेळचं अख्खं सदर यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी दुसरं काही विचारलं होतं त्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढा.

प्रश्न: सर, तुम्ही १५,३५० छापलंत. मी नेटवर शोधलं तर एका ठिकाणी ९,५३७, दुसरीकडे ८,२८८ आणि एका बातमीत चक्क सोळा हजारांच्या वर लिहिलं होतं. शहरं तीच दोन, मग आकडे चार कसे? नक्की कुठला धरायचा?

उत्तर: पहिले तीन आकडे भांडत नाहीयेत, ते एकच अंतर आहे. १५,३५० किलोमीटर, ९,५३७ हे मैल, आणि ८,२८८ हे नॉटिकल मैल. अर्ध्या वेबसाइट एकक इतक्या बारीक अक्षरात लिहितात की माणूस फसणारच. साधा मैल १.६०९ किमीचा, नॉटिकल मैल १.८५२ किमीचा. हा दुसरा मैल कुठून आला तर अक्षांशाचा एक अंश घ्या, त्याचे साठ भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल. जहाजवाल्यांनी सोयीसाठी काढलेलं माप, विमानवाल्यांनी तसंच उचललं, आणि पायलटचा 'नॉट' म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल.

हे अंतर तुम्हाला घरी बसून पण काढता येईल, आणि मला हा हिशोब फार आवडतो म्हणून सांगतो. सिंगापूर जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. न्यूयॉर्क उत्तरेला साधारण ४१ अंशावर. आता गंमत अशी की सिंगापूरचं रेखांश १०४ पूर्व आणि न्यूयॉर्कचं ७४ पश्चिम, बेरीज १७८, म्हणजे रेखांशाच्या हिशोबाने दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळपास बरोब्बर विरुद्ध बाजूंना. मग सगळ्यात जवळचा रस्ता कुठून? थेट उत्तर ध्रुवाच्या डोक्यावरून! सिंगापूरपासून ध्रुव सुमारे ८९ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्क ४९ अंश, झाले १३८. एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. गुणाकार करा, १५,३१८. कॅल्क्युलेटरशिवाय इतकं जवळ आलो की नाही.

चौथा आकडा मात्र खरंच वेगळा आहे, तो विमान प्रत्यक्षात किती उडतं त्याचा. ध्रुवावरून जवळ पडतं हे खरं पण तसं कुणी रोज जात नाही. आता ध्रुव मध्यभागी आला म्हणजे पूर्वेकडून जा नाहीतर पश्चिमेकडून, दोन्ही बाजू सारख्याच लांब, मग ज्या बाजूला वारा पाठीशी असेल ती धरायची. म्हणून सिंगापूरहून निघालेलं विमान बहुतेक वेळा पॅसिफिकवरून पूर्वेला जातं, आणि न्यूयॉर्कहून परत येणारं अटलांटिक आणि युरोपवरून, ते पण पूर्वेलाच. म्हणजे जाऊन-येऊन तिकीट काढलेल्या माणसाची नकळत अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा होते, आणि त्याला ते कळत पण नाही कारण तो पडदा खाली ओढून पिक्चर बघत बसलेला असतो.

अजून एक बारीकसं. दोन वेबसाइटमध्ये पाच-पंचवीस किमीचा फरक दिसला तर डोकं लावू नका. एक शहराच्या मध्यापासून मोजते, दुसरी एअरपोर्टपासून. शिवाय पृथ्वी नीट गोल नाहीये, विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किमी जास्त आहे. काही ठिकाणी पृथ्वी साधा चेंडू धरतात, काही ठिकाणी चपटी धरतात, तेवढ्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो.

प्रश्न: मी पट्टीचा फोटो पाठवणारा. विमानातल्या स्क्रीनवर रस्ता कमानीसारखा वाकडा दिसतो. सरळ रेघ हे सगळ्यात कमी अंतर असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मग पायलट मुद्दाम लांबून का नेतात?

उत्तर: काका, शाळेत बरोबरच शिकवलंय, पण ते सपाट कागदासाठी. पट्टी ठेवा बाजूला, एक चेंडू आणि दोरा घ्या. चेंडूवर दोन ठिपके काढा, दोन्ही वरच्या बाजूला, एकाच उंचीवर आणि एकमेकांपासून लांब. आता दोरा ताणून धरा. तो आडवा राहतच नाही, आपोआप वर सरकतो. तो दोरा म्हणजे विमानाचा रस्ता, आणि चेंडूवर तोच सरळ आहे. वाकडा आहे तो नकाशा.

बीजिंग आणि न्यूयॉर्क घ्या, दोन्ही उत्तरेला चाळीस अंशाच्या आसपास. नकाशावर पट्टी ठेवून आडवी रेघ मारली आणि त्या रेघेवरून खरंच उडालात तर साडेचौदा हजार किलोमीटर पडतील. दोरा ताणून मोजलंत तर अकरा हजार. साडेतीन हजार किमीचा फरक, म्हणजे विमानाचे चार तास, केवळ पट्टीवर विश्वास ठेवल्यामुळे! आणि तो अकरा हजारवाला रस्ता जातो कुठून तर आर्क्टिकवरून, ध्रुवाच्या अगदी जवळून.

दोष त्या नकाशाचा पण नाही तसा. आपण भिंतीवर जो बघतो तो नकाशाकार मर्केटरने १५६९ साली काढलेल्या पद्धतीचा, आणि तो त्याने खलाशांना होकायंत्राची एकच दिशा धरून जाता यावं म्हणून केला होता, अंतरं मोजायला नाही. गोल साल सपाट करायचं म्हणजे कुठेतरी ताणावं लागतंच, त्याने ध्रुवांकडचा भाग ताणला. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. दक्षिणेला हीच कमान उलटी होते. सिडनीहून चिलीतल्या सांतियागोला जाणारं विमान सरळ पूर्वेला न जाता खाली अंटार्क्टिकाच्या दिशेने झुकतं.

प्रश्न: लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठ तास लागले, येताना साडेसहा. एअरलाइनला विचारलं तर 'वारा' एवढंच सांगितलं. एवढ्या मोठ्या विमानाला वाऱ्याने दीड तासाचा फरक पडतो हे पटत नाही, दुसरं काहीतरी कारण असणार.

उत्तर: दुसरं काही नाहीये, वाराच आहे. पण तो आपल्या अंगणातला वारा नाही. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जिथे ही विमानं उडतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक अरुंद नदीच वाहत असते, तिला जेट स्ट्रीम म्हणतात. वेग शंभर किमीपासून कधी कधी तीनशेच्या पुढे. थंडीत जास्त जोरात, कारण ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची गरम हवा यांच्या तापमानात तेव्हा फरक जास्त असतो आणि त्या फरकावरच ही नदी चालते. पूर्वेकडेच का वळते तर पृथ्वी फिरतेय म्हणून.

या वाऱ्याची एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा पाठलाग करायचे. फुगे एका उंचीवर गेले की कुणीतरी ओढून नेल्यासारखे पूर्वेला पळायचे. त्यांनी नीट मोजमापं घेतली आणि १९२६ साली अहवाल छापला. पण कुठल्या भाषेत? एस्पेरांतो! सगळ्या जगाने वाचावं म्हणून जगाची म्हणून बनवलेली भाषा निवडली, आणि जगाने ते वाचलंच नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकन बी-२९ विमानं जपानवर उंचावरून जायला लागली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना कळेना की इंजिन पूर्ण जोरात असूनही आपण पुढे का सरकत नाही.

आता हिशोब. लंडन ते न्यूयॉर्क ५,५४० किमी. विमानाचा हवेतला वेग ९०० धरा. समोरून शंभरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग राहिला ८००, वेळ सहा तास पंचावन्न मिनिटं. तोच वारा पाठीशी आला तर वेग १,०००, वेळ पाच तास बत्तीस मिनिटं. झाला ना जवळपास दीड तासाचा फरक, आणि तुमच्या आकड्यांत वर जे काही आहे ते रनवेपर्यंत रांगेत सरकण्याचं आणि चढण्या-उतरण्याचं. गंमत म्हणजे जाताना गेलेलं येताना पूर्ण परत मिळत नाही. वारा नसताच तर दोन्ही मिळून बारा तास एकोणीस मिनिटं झाली असती, वाऱ्यासकट बारा सत्तावीस होतात. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता आणि पाठच्या वाऱ्यात कमी वेळ असता. उधारी-वसुलीसारखंच आहे हे.

फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा नावाचं वादळ आलेलं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं होतं, वेग एका क्षणी ताशी १,३२७ किमी. तेव्हा मला चार जणांनी फोन करून विचारलं की हे तर आवाजाच्या वेगापेक्षा जास्त झालं, मग मोठा धमाका का नाही झाला? त्या उंचीवर आवाजाचा वेग साधारण १,०६० किमी असतो, म्हणजे आकडा बघून शंका येणं बरोबरच. पण विमान आवाजाचा वेग ओलांडतं की नाही हे भोवतालच्या हवेच्या तुलनेत ठरतं. सरकत्या पट्ट्यावर चालणारा माणूस बाहेरून पळतोय असं दिसतं, त्याच्या पायांना विचारा, तो चालतोच आहे. खऱ्या अर्थाने आवाजाच्या पुढे गेलेलं प्रवासी विमान म्हणजे कॉन्कॉर्ड, त्याने ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क ते लंडन दोन तास बावन्न मिनिटं एकोणसाठ सेकंदांत केलं, आणि २००३ मध्ये ते बंदच झालं.

आणि हो, अटलांटिकवर हा वारा इतका महत्त्वाचा आहे की तिथले हवेतले रस्ते कायमचे आखलेलेच नाहीत. ब्रिटन-आयर्लंडकडचं शॅनविक आणि कॅनडाकडचं गँडर अशी दोन्ही काठांवरची दोन नियंत्रण केंद्रं अंदाज बघून रोज नवीन रस्ते काढतात, पूर्वेला जाणाऱ्यांचे वाऱ्याच्या धारेत आणि पश्चिमेला जाणाऱ्यांचे वारा चुकवून. म्हणजे तुम्ही जाताना आणि येताना एकाच रस्त्याने गेलाच नव्हतात.

प्रश्न: पृथ्वी फिरते ना, मग विमानाने नुसतं वर जाऊन थांबायचं, खालून शहर आपोआप येईल. असं का करत नाहीत? (इयत्ता सहावी)

उत्तर: शाब्बास, हा प्रश्न मोठ्या माणसांना पण पडतो पण ते विचारायला लाजतात. पृथ्वी एकटी फिरत नाही, सोबत सगळी हवा घेऊन फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. विमान रनवेवर उभं असतं तेव्हा पण ते पृथ्वीबरोबर फिरतच असतं, वर गेलं म्हणून तो वेग कुठे पळून जात नाही. विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी १,६७० किमी आहे, हवा मागे राहिली असती तर आपण सगळे केव्हाच उडून गेलो असतो. चालत्या ट्रेनमध्ये उडी मारून बघ, मागच्या डब्यात पडतोस का? (आईला विचारून मार.)

प्रश्न: दोन शहरांमधलं अंतर माहीत असेल तर विमानाला किती वेळ लागेल याचं सोपं गणित आहे का? ऑनलाइन कॅल्क्युलेटर जो वेळ देतात तो तिकिटावरच्या वेळेशी कधीच जुळत नाही.

उत्तर: आहे. किलोमीटरला ८५० ने भागा, आलेल्या तासांत अर्धा तास मिळवा. पर्थ ते लंडन १४,५०० किमी, भागिले ८५०, सतरा तास, अर्धा मिळवला, साडेसतरा. २०१८ मध्ये ही फ्लाइट नॉनस्टॉप सुरू झाली आणि वेळ जवळपास तेवढाच लागतो. सिंगापूर-न्यूयॉर्कला करून बघा, साडेअठराच्या थोडं वर येईल. पूर्वेला जात असाल तर थोडं कमी करा, पश्चिमेला जात असाल तर थोडं वाढवा, विशेषतः थंडीत.

९०० ऐवजी ८५० का घेतलं तर विमान पूर्ण वेळ पूर्ण वेगात नसतं आणि रस्ता पण दोऱ्याइतका ताठ नसतो. कॅल्क्युलेटर जुळत नाहीत ते यामुळेच, ते बहुतेक नुसतं अंतर भागिले वेग करतात. तिकिटावरचा वेळ मात्र गेटपासून गेटपर्यंतचा असतो, म्हणजे विमान मागे ढकलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंत. त्यात रनवेसाठीची रांग आली, घिरट्या आल्या, आणि खरं सांगायचं तर एअरलाइनवाले थोडा जास्तीचा वेळ पण घालून ठेवतात म्हणजे उशिरा सुटूनसुद्धा 'वेळेवर पोचलो' म्हणता येतं. अर्धा तास लवकर पोचल्याची जी घोषणा ऐकून आपण खूश होतो ती बऱ्याचदा त्यांनीच आधी राखून ठेवलेली असते.

यावर पुढचा प्रश्न येणार म्हणून आत्ताच सांगतो, विमानं जास्त जोरात का जात नाहीत. १९५८ मध्ये सेवेत आलेलं बोइंग ७०७ साधारण याच वेगाने उडायचं. साठ-पासष्ट वर्षांत वेग वाढलाच नाही कारण आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं की हवेचा विरोध एकदम वाढायला लागतो आणि इंधन ढसाढसा जातं. सगळी सुधारणा झाली ती इंधन वाचवण्यात आणि न थांबता लांब जाण्यात.

प्रश्न: मुलीने माझं तिकीट काढलंय. टोकियोहून शुक्रवारी रात्री ९ ला निघायचं आणि होनोलुलूला शुक्रवारी सकाळी ९ ला पोचायचं असं लिहिलंय. निघायच्या आधी कसं पोचणार? तारीख चुकलीय का? ती म्हणते 'आई बरोबर आहे गं' पण मला झोप नाही.

उत्तर: ताई, झोपा निवांत, मुलगी बरोबर आहे. मध्ये पॅसिफिकमध्ये तारीख बदलण्याची रेषा लागते, ती पूर्वेकडे ओलांडली की कॅलेंडर एक दिवस मागे जातं. टोकियो जागतिक वेळेच्या नऊ तास पुढे, होनोलुलू दहा तास मागे, दोघांत एकोणीस तासांचा फरक. तुम्ही शुक्रवारी रात्री नऊला निघता तेव्हा होनोलुलूत शुक्रवारचे पहाटेचे दोन वाजलेले असतात. सात तास उडालात, सकाळचे नऊ. तुम्हाला शुक्रवार दोनदा मिळणार. येताना याची भरपाई होते, शनिवारी दुपारी बाराला निघालात तर नऊ तास उडून उतराल रविवारी दुपारी चारला. एक अख्खी रात्र कुठे गेली कळणारच नाही, त्या दिवशीची एखादी गोळी चालू असेल तर ती घड्याळ बघून नका घेऊ, तासांचं अंतर ठेवून कशी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

सगळ्यांसाठीच सांगतो, तिकिटावरच्या दोन वेळा कधीही नुसत्या वजा करू नका. दोन्ही जागतिक वेळेत करा आणि मग वजाबाकी. आणि मार्चमध्ये तर दुप्पट सावध राहा. लंडन-न्यूयॉर्क फरक पाच तासांचा असतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा राहतो. एका वाचकाने लिहिलंय की ते मित्राला घ्यायला एअरपोर्टवर गेले आणि एक तास उगाच खांबाला टेकून उभे राहिले, ते या दिवसांतलंच असणार.

प्रश्न: हेलसिंकी ते टोकियो पूर्वी साडेनऊ तासांत जायचो, आता तेरा तास. शहरं काही लांब सरकली नाहीत. हे काय प्रकरण आहे?

उत्तर: शहरं आहेत तिथेच आहेत, मधलं दार बंद झालं. हा दोऱ्याचा रस्ता जवळजवळ पूर्ण रशियावरून जातो, आणि २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर युरोप आणि रशियाने एकमेकांच्या विमानांना आपापल्या आकाशात यायला बंदी घातली. मग फिनलंडच्या फिनएअर या एअरलाइनची विमानं एकतर दक्षिणेकडून वळसा घेतात नाहीतर चक्क उत्तर ध्रुवावरून जातात. ध्रुवावरून गेल्याचं प्रशस्तिपत्रकसुद्धा दिलं त्यांनी प्रवाशांना. तीन-चार तास जास्त बसवून वर कागद हातात द्यायचा, याला म्हणतात धंदा! यात नवीन असं काही नाहीये. १९८३ मध्ये त्याच एअरलाइनने हेलसिंकी-टोकियो नॉनस्टॉप सुरू केलं तेव्हा पण सोव्हिएत आकाश टाळायला ध्रुवावरूनच जायचे आणि तेव्हा पण तेरा तासच लागायचे. चाळीस वर्षांनी चक्र फिरून तिथेच आलं.

वळसा घ्यायची अजून दोन कारणं सांगतो, ज्यात राजकारण नाही. एक तिबेट. अंतराच्या हिशोबाने सोयीचा असला तरी त्यावरून विमानं फार कमी जातात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन तीनेक हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, वरून पडणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटांचाच असतो, आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. खाली यायचं कुठे?

दुसरं समुद्राचं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक वेळात कुठल्यातरी एअरपोर्टला पोचता आलं पाहिजे असा नियम आहे. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा साठ मिनिटांची होती, त्यामुळे दोन इंजिनवाले काठाकाठाने जायचे आणि समुद्र ओलांडायला तीन-चार इंजिनवाली विमानं लागायची. इंजिनांवरचा भरवसा वाढला तशी मर्यादा १९८५ मध्ये १२० मिनिटं झाली, १९८८ मध्ये १८०, आणि एअरबस ए-३५० ला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंत परवानगी मिळाली. हल्ली चार इंजिनांची प्रवासी विमानं दिसेनाशी का झाली, त्याचं एक मोठं कारण हे.

प्रश्न: पहिली फ्लाइट अगदी वेळेवर पोचली, मध्ये पंचावन्न मिनिटं होती, तरी दुसरी चुकली आणि नवीन तिकिटाचे पैसे माझ्याकडूनच घेतले. तक्रार कुठे करू?

उत्तर: तुमच्या पत्रावरून दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली दिसतायत. तसं असेल तर तक्रारीत फार दम नाही, वाईट वाटतं सांगायला. एकाच बुकिंगवर असती तर पुढचं विमान मिळवून द्यायची जबाबदारी एअरलाइनची. वेगळ्या तिकिटांत पहिल्यांना दुसऱ्यांचं काही देणंघेणं नसतं. शिवाय पंचावन्न मिनिटं ही पंचावन्न नसतातच, पुढच्या विमानाचं दार सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं, आणि तुम्ही मागच्या रांगेत असाल तर उतरायलाच तेवढी जातात. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मध्ये तीन-चार तास ठेवा, आणि सामान पुन्हा घेऊन पुन्हा द्यायचं असेल, इमिग्रेशन असेल, तर त्याहून जास्त.

प्रश्न: सिडनी ते लंडन थेट विमान का नाही? आणि जगातली सगळ्यात लांबची दोन शहरं कुठली, त्यांच्यात कधी नॉनस्टॉप होईल का?

उत्तर: सिडनी-लंडन १७,००० किमी आहे. अडचण इंधनाची, आणि ती चमत्कारिक अडचण आहे. लांब जायला जास्त इंधन भरायचं, मग ते इंधन वाहून न्यायला अजून इंधन जाळायचं. म्हणजे शेवटच्या दोन तासांसाठी लागणारं इंधन तुम्ही आधीचे अठरा तास उगाच पाठीवर घेऊन फिरता. मध्ये एकदा उतरून भरून घेतलं तर एकूण जळतं कमी, पण वेळ जातो. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास एअरलाइनने २०१९ मध्ये प्रयोग करून बघितले, जवळपास रिकाम्या विमानातून, पन्नासेक माणसं फक्त, न्यूयॉर्क ते सिडनी एकोणीस तास सोळा मिनिटं आणि लंडन ते सिडनी एकोणीस तास एकोणीस मिनिटं. आता त्यांनी यासाठी जास्तीची इंधनटाकी असलेली ए-३५० विमानं मागवली आहेत.

वीस तास ऐकून कंटाळा येत असेल तर हे ऐका. १९१९ मध्ये रॉस स्मिथ आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन मेकॅनिक घेऊन इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा विमानाने गेले, उघड्या कॉकपिटमधून, १२ नोव्हेंबरला निघाले आणि १० डिसेंबरला डार्विनला उतरले. १९४७ मध्ये क्वांटासचं प्रवासी विमान सुरू झालं तेव्हा सिडनी-लंडनला चार दिवस लागायचे आणि रात्री हॉटेलात मुक्काम असायचा.

सगळ्यात लांबच्या शहरांचं म्हणाल तर पृथ्वीचा घेर चाळीस हजार किमी, म्हणून कुठलीही दोन ठिकाणं वीस हजारांपेक्षा लांब असूच शकत नाहीत, कारण त्यापुढे गेलात की दुसऱ्या बाजूने जवळ पडायला लागतं. माद्रिद आणि न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन ही जोडी या मर्यादेच्या अगदी जवळ आहे, १९,८५० किमीच्या आसपास. वेलिंग्टनमधून सरळ खाली भोक पाडत गेलात तर माद्रिदपासून दीड-दोनशे किमीवर बाहेर याल. तिथे नॉनस्टॉप आजच्या प्रवासी विमानांना झेपणारं नाही. झालं तरी आपल्या गणिताने पावणेचोवीस तासांच्या थोडं वर, ८५० ने भागून अर्धा मिळवा आणि तपासा.